सोललेल्या गोगलगायी

करंजांच्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या काठी, एक माकडीण राहत असे. आणि मुलांनो, तिने चक्क एक सरडा पाळला होता! माकडिणीने सरडा पाळल्याचं त्या जंगलात कोणी कधी ऐकलं नव्हतं. पण वादळात फांदीवरून पडलेलं ते बोटभर पिल्लू तिने उचललं काय, छातीशी धरलं काय, आणि तेव्हापासून तिला त्याच्यावाचून करमेनासं झालं. सरडाही तिला मावशी म्हणू लागला.

सरड्याला गोगलगायी फार आवडत. माकडीण रोज सकाळी ओढ्याकाठच्या दगडांखाली हात घालून घालून द्रोणभर गोगलगायी वेचून आणी. पण माकडांच्या घराण्यात एक रीत होती. केळं असो, शेंग असो, चिंच असो, सोलल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. न सोलता खाणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा! तेव्हा ती मांडी ठोकून बसे, एकेका गोगलगायीचं कवच दगडाने फोडी, नखांनी बारीकसारीक कपचेही काढी आणि आतला मऊ गोळा तेवढा सरड्याला देई. "आ कर राजा, आ कर," ती म्हणे. फुटकी कवचं ती झाडाखाली भिरकावून देई. तिथे एक रानकोंबडी रोज येऊन ती टिपत असे. "शी! सालपटं खाते बया," असं म्हणून माकडीण नाक मुरडी.

काही दिवस छान गेले. मग एके दिवशी सरड्याची फांदीवरची पकड सुटली आणि तो शेपटीवर लटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बघते तर काय, त्याचे पुढचे पाय धनुकलीसारखे वाकलेले! आता हा काय प्रकार? खायला कमी नाही, मारझोड नाही, आणि पोर दिवसेंदिवस लुळं पडत चाललेलं. शिवाय झाडाखाली एक मुंगूस घिरट्या घालू लागलं होतं. "आज ना उद्या पडेलच की," असं म्हणून ते जिभल्या चाटत बसे.

तिने कावळ्याला विचारलं. "गोगलगाय थंड," कावळा मान वाकडी करून म्हणाला, "थंडी बाधली त्याला. उन्हात ठेव." तिने उन्हात ठेवलं, तर सरडा काळाठिक्कर पडला. तिने सशाला विचारलं. "अहो, ऊन लागलं त्याला! ओल्या पानात गुंडाळा," ससा म्हणाला. तिने गुंडाळलं, तर तो पिवळा फटफटीत झाला. काळा म्हणजे भुकेला की रागावलेला? पिवळा म्हणजे बरा की वाईट? ऊन द्यावं तर कावळा खरा, सावली द्यावी तर ससा खरा, आणि दोघेही खरे असतील तर सरडा उभा कसा राहत नाही? बिचारीचं डोकं भणभणून गेलं. रंग बघून काही कळेना, आणि विचार करकरून काही सुचेना. शेवटी तिने आपल्याला येत होतं तेच केलं. दुप्पट गोगलगायी आणल्या, ओढ्याच्या पाण्यात खळखळून धुतल्या, आणखी निगुतीने सोलल्या. सरडा तोंड उघडी, की ही घास घाली. तो पुन्हा तोंड उघडी, ही पुन्हा घास घाली. "खातोय तर चांगला! मग अंगी का लागत नाही?" असं म्हणून ती रडकुंडीला येई.

अखेर एका दुपारी वाऱ्याची झुळूक आली आणि सरडा फांदीवरून सुटला तो थेट खाली, कवचांच्या ढिगावर. मुंगूस झेपावलंच! पण माकडिणीने धाडकन खाली उडी टाकली आणि दात विचकून असा काही आरडाओरडा केला, की मुंगूस करवंदीच्या जाळीत पसार झालं. धापा टाकत ती मागे वळली. सरडा ढिगात पडल्या पडल्या कवच चावत होता. कुर्रम, कुर्रम!

"थुंक! थुंक आधी!" ती किंचाळली. "साल आहे ते, साल!" आणि ती त्याच्या तोंडातून कवच ओढू लागली.

"अगं, खाऊ दे त्याला!" रानकोंबडी पुढे येऊन म्हणाली. "मी ही कवचं टिपते म्हणून माझ्या अंड्यांना कवच येतं. त्याच्या हाडांना दुसरं काय लागणार? रोज नेमकं तेवढंच तू खाली फेकत होतीस."

माकडिणीने ओढत असलेलं कवच सोडून दिलं. मग ती हळूच सरड्याला म्हणाली, "अरे, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगायलाच तर रोज तोंड उघडत होतो, मावशी," सरडा म्हणाला. "पण उघडलं रे उघडलं, की तू घास कोंबायचीस."

माकडिणीने त्याला उचलून पोटाशी धरलं आणि ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवसापासून ती गोगलगायी आणी आणि अख्ख्याच पुढ्यात ठेवी. बोटं सोलायला शिवशिवत, म्हणून दोन्ही हातांवर बसून राही. सरडा कवचासकट कुरकुरत खाई. त्याचा एक पाय जन्माचा वाकडा राहिला, पण महिन्या-दोन महिन्यांत फांदी मात्र तो घट्ट धरू लागला. आणि त्याने तोंड उघडलं, की माकडीण आधी विचारी, "बोलायचंय, की खायचंय?"

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची, त्याला भरवण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं; आपण साल म्हणून फेकतो, त्यावरच त्याची हाडं उभी असू शकतात.