बाबलची टॅक्सी आणि साहेबांचं विमान

एका गावात एक भोळा टॅक्सीवाला होता. नाव बाबल. इतका भोळा की काही विचारू नका! गावाशेजारी विमानतळ झाला आणि बाबलला तिथं टॅक्सी लावायचा पास मिळाला. बायको शेवंता म्हणाली, "पास घालवलात ना, तर त्या गाडीत कोंबड्या पाळीन. सांगून ठेवते!"

पहिल्याच दिवशी बाबलने गाडी थेट विमानतळाच्या दारात घातली आणि ओरडायला लागला, "चला ताई, चला दादा!"

टॅक्सीस्टँडचे धनावडेसाहेब धावत आले. "हा काय बाजार आहे? इथं रांग असते. नंबर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही!"

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी एका बाईंना विमानतळावर न्यायचं होतं. वाटेत मंगल कार्यालयाबाहेर वऱ्हाडाच्या गाड्या लावलेल्या. बाबल त्यांच्या मागे थांबला.

"अहो, चला ना!"

"नंबर नाही आला, बाई."

आत जेवणाची पंगत बसली, उठली. शेवटी बाई उन्हात बॅग ओढत चालत विमानतळावर गेल्या आणि त्यांनी साहेबांकडे तक्रार केली.

साहेब कडाडले, "पॅसेंजरला वाटेत उतरवतोस? विमानतळाच्या दारासमोरच उतरवायचं! आणि तिथं रेंगाळायचं नाही, तडक निघायचं!"

"बरं साहेब."

तिसऱ्या दिवशी गावातले गुरवतात्या गाडीत बसले. गाल टम्म सुजलेला, जायचं होतं दातांच्या डॉक्टरकडे. बाबलने त्यांना विमानतळाच्या दारासमोर उतरवलं आणि तडक निघाला. तात्यांची पिशवी डिकीतच. बिचारे तात्या गाल धरून विमानं बघत बसले!

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, सामान कोण उतरवणार? सामान उतरलं की मगच निघायचं! आणखी एक चूक झाली तर पास काढून घेईन."

"बरं साहेब." बाबल जाम घाबरला. आता चुकायचं नाही म्हणजे नाही.

चौथ्या दिवशी साहेबांचीच गाडी बंद पडली. मुलीचा साखरपुडा, विमान पकडायचं, आणि समोर एकटा बाबल. साहेब देवाचं नाव घेऊन बसले.

दारासमोर गाडी थांबली. साहेब मागे फोनवर व्याह्यांशी बोलत होते. बाबलने बॅगा उतरवल्या, साड्यांचं खोकं उतरवलं, डिकी लावली. सामान उतरलं. तो तडक निघाला.

"अरे! मी आत आहे!"

बाबल थेट टॅक्सींच्या रांगेत जाऊन शेवटी उभा राहिला.

"मागे घे! दाराशी ने मला!"

"नंबर आला की नेतो, साहेब."

"मग मला इथंच उतरव!"

"वाटेत? नाही हं!" बाबलने दारांना लॉक लावलं. "पास जाईल माझा."

साहेबांनी काचेवर बुक्क्या मारल्या. तेवढ्यात डोक्यावरून घरघर करत साहेबांचं विमान गेलं.

बाबल खिडकीतून मान काढून चिडून म्हणाला, "बघा साहेब, बघा! आपण इतका वेळ उभे आहोत, आणि तो मागून आला नि रांग मोडून गेला. आधी त्याचा पास काढून घ्या!"

आता बाबलच्या गाडीत कोंबड्या बसतात. त्यासुद्धा नंबराने.