दरीचं टपाल

डोंगरावर नुकताच मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. दरीतल्या शेळ्यांसाठी टपालाचं खेचर मेमरी कार्ड नेत असे. त्यात शहरातल्या वैद्याने सांगितलेल्या उपचारांचे व्हिडिओ असत.

"आता सगळं माझ्यामार्फत पोहोचतं," टॉवरने जंगलाच्या राजाला, सिंहाला सांगितलं. सिंहाने टपाल बंद केलं. दरीत मात्र एकही व्हिडिओ पोहोचेना, आणि करडं तापाने फणफणली.

म्हातारी शेळी धापा टाकत वर आली. "आमच्याकडे तुझं काहीच येत नाही."

"सिंहासमोरच्या माझ्या रेंजच्या नकाशात तुमची दरी माझ्याच रंगात आहे," टॉवर म्हणाला.

"मग त्या रंगाने माझ्या करडांचा ताप उतरव," शेळी संतापून म्हणाली.

सिंह नकाशाच पाहत राहिला. खेचर मात्र हुकमासाठी थांबलं नाही. पिशवीत कार्ड घेऊन ते शेळीबरोबर दरी उतरू लागलं.