शून्यावरची घडी

"आणि उजवीकडचा हा सुळका कसला?" वर्तक मॅडमनी विचारलं.

सौमित्रने आलेखाकडे नीट पाहिलंही नाही. "लिफ्टचा. तिची मोटर सुरू झाली की आपल्या यंत्राला झटका बसतो. तारेशी त्याचा संबंध नाही, मॅडम."

"बरं."

आलेखाखाली त्याचा शोधनिबंध होता. त्यांची सही तेवढी राहिली होती.

केसाहून कितीतरी बारीक ती तार त्याने स्वतः घडवली होती. चुंबकाचं क्षेत्र वाढवत नेलं की तिचा रोध लाटेसारखा वरखाली होत होता. आलेखाच्या मधोमध शून्य. उजवीकडे क्षेत्र सुलट, डावीकडे उलट. दोन्हीकडे सारख्याच लाटा.

"वीज तारेच्या फक्त सालीवरून वाहते म्हणतोस?"

"फक्त सालीवरून."

"आणि आत?"

"आत काही नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं... आणि थांबल्या.

"आज पाठवायलाच हवा," सौमित्र म्हणाला. "बाहेरचा एक गट हेच करतोय. त्यांचा आधी आला तर माझी सगळी वर्षं..."

"जातील. माहीत आहे मला."

त्यांनी आलेखाचा कागद उचलला. बरोबर शून्यावर त्याची घडी घातली आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरला.

लाटेवर लाट बसली. लाटांच्या अंगावरची बारीक थरथरही थरथरीवर बसली.

सुळक्यावर सुळका.

सौमित्र खुर्चीतून अर्धवट उठला. पुन्हा बसला.

"डावी बाजू कधी मोजलीस?"

सौमित्रने समोरचा निबंध उगाच सरळ केला.

"सौमित्र."

"तार थंड ठेवायचं हेलियम संपलं होतं. नवीन यायला वेळ होता." त्याचा आवाज उतरला. "उजवीच बाजू उलटून लावली."

मॅडमनी कागद काचेवरून खाली घेतला.

"पण खोटं काय आहे त्यात?" तो एकदम म्हणाला. "मोजली असती तरी तशीच आली असती. क्षेत्राची दिशा उलटली तरी तारेचा रोध तोच राहतो. नियमच आहे तो. तुम्हीच शिकवलाय."

"हो. मीच शिकवलाय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. घडी घातलेला कागद निबंधावर ठेवला आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवलं.

बाहेर लिफ्ट घरघरत वर निघाली. दोघंही ऐकत राहिले.

"तारेला तो नियम ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "लिफ्टला कुणी शिकवला?"