दरबार गार करणारी भिवरा

"खिडकी उघडायची नाही! माझे कागद उडतात!" चंडप्रताप राजे गरजले आणि पुन्हा आपलं भाषण वाचू लागले.

भर वैशाख. विज्ञान शिकवणारे राज्यातले साठ गुरुजी दगडी दरबारात खेटून बसलेले. उन्हाळी प्रशिक्षण म्हणे! विषय 'प्रयोगातून कसे शिकवावे', आणि नऊ दिवसांत प्रयोग एकही नाही. राजे वाचताहेत, गुरुजी घाम पुसताहेत.

छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीनं ओढून ओढून पंखेवाल्या भिवराच्या तळहाताला फोड आले होते. पण तिचं लक्ष होतं आपल्या गावच्या नारोपंत गुरुजींकडे. परवा त्यांच्या लेकीचं लग्न, आणि बाप इथं अडकलेला! राजांकडे सुट्टी मागायची छाती कुणाची होणार?

तेवढ्यात पंखा कुरकुरला.

"ए बाई, बंद कर ती करकर!"

"करते की सरकार. पण मग ही माणसं उकडून निघतील त्याचं काय?"

"फार कळतं गं तुला! मग पंखा न ओढता, पाणी न शिंपडता, खिडकी न उघडता दरबार गार करून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर प्रशिक्षण आषाढ संपेपर्यंत!"

नारोपंतांचा चेहराच उतरला. बाकीचे भिवराकडे असे बघायला लागले, जणू तिनंच त्यांना विहिरीत ढकललं!

भिवरानं दोरी सोडली, पदर खोचला.

"उठा गुरुजी! सगळ्यांनी बाहेर, आंब्याच्या सावलीला!"

साठही जण एवढ्या चपळाईनं उठले, की पोरंसुद्धा शाळा सुटल्यावर तशी पळत नाहीत. भिवरा त्यांच्यामागून बाहेर पडली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"हे काय चाललंय?" आतून राजे ओरडले.

"दोन घटका दम धरा, सरकार!"

राजे फुरंगटून बसले. हळूहळू मानेवरचा घाम सुकला. दगडी भिंतींचा गारवा अंगाला जाणवू लागला.

भिवरानं दार किलकिलं केलं. "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय खरं! केलंस काय तू?"

"थंडीत आमच्या गोठ्यात चार म्हशी बांधल्या, की शेकोटी लागत नाही. इथं तर वैशाखात साठ माणसं कोंडलेली! शेकोटी बाहेर काढली, झालं!"

पण हरतील ते राजे कसले! "अजून थोडं उकडतंयच की!"

"उकडणारच सरकार. सगळ्यात मोठी शेकोटी आतच राहिलीय ना!"

राजे असे खदखदून हसले, की मांडीवरचे कागद घसरून दरबारभर पसरले. या खेपेला कुणी खिडकी उघडलीसुद्धा नव्हती!

"नऊ दिवसांतला पहिला प्रयोग, आणि तो केला पंखेवालीनं! माग, काय हवं ते माग!"

"नारोपंतांना लेकीच्या लग्नाला सोडा. आणि बाकीच्यांनाही आपापल्या घरी."

राजांनी नारोपंतांसाठी स्वतःचा रथ जोडायला लावला. भिवराच्या हातात चांदीचं कडं घातलं, आणि पुढच्या उन्हाळ्याचं प्रशिक्षण तिच्यावरच सोपवलं.

"कुठं घेशील?" राजांनी विचारलं.

"आंब्याखाली, सरकार. आणि कागद इथंच ठेवून या!"