साळुंकीला विचारलेले प्रश्न

चूक वस्तीच्या म्होरक्याची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट संपली की म्हातारी माणसं नशिबाचं नाव घेतात आणि मोकळी होतात.

फार जुना काळ. उघड्या माळावर मेंढरं राखणाऱ्यांची चाळीस घरांची वस्ती होती. माळाच्या कडेला रान, आणि रानात लांडगे. वस्तीत एक रीत होती. कोणाला काही विचारायचं तर आधी आपलं घर सांगायचं, मग अडचण सांगायची, मग प्रश्न. नुसता प्रश्न विचारणारा उद्धट ठरायचा. मोठ्यांना या रीतीचा फार अभिमान होता. त्यापायी लहानांनी थपडा खाल्ल्या होत्या.

वस्तीला अडलंनडलं विचारायला दोन ठिकाणं होती.

एक म्हणजे ओढ्यापलीकडचं साळिंदर. ते बिळात बसायचं, बाहेर यायचं नाही. त्याच्याकडे जायचं तर ओढा ओलांडावा लागे, आणि जाताना मूठभर कंद न्यावे लागत. उत्तर द्यायला ते वेळ घेई. कधी सरळ म्हणे, "हे मला ठाऊक नाही." आणि कोणी रीतीप्रमाणे घर सांगू लागलं की ते आतूनच थांबवायचं. "घर नको सांगू. मी ऐकलं तर माझ्या लक्षात राहील. लक्षात राहिलं तर कोणी ते माझ्याकडून काढून घेईल."

दुसरी साळुंकी. एका उन्हाळ्यात ती शिवेवरच्या पळसावर येऊन बसली. तिचे हजार भाऊबंद माळभर उडायचे, त्यामुळे तिला सगळं ठाऊक असायचं. हरवलेली मेंढी कुठं आहे, कुठल्या झऱ्याला पाणी आहे, पोटदुखीवर काय द्यावं. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. बदल्यात काही नको.

म्होरक्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आजपासून साळुंकीलाच विचारायचं. ते साळिंदर आडमुठं आहे. तोंड लपवून बोलतं."

"पण मामंजी," त्याची सून म्हणाली, "ही साळुंकी खाते काय? हिला कोणी दाणा टिपताना पाहिलंय?"

"पाखराच्या पोटाची काळजी तू कशाला करतेस, सूनबाई? तुझ्या चुलीकडे बघ."

लोक हसले. म्होरक्या बोलला की हसायचं, हीही एक रीतच होती.

वर्षभर बरं चाललं. मग एके दिवशी टेकडीकडच्या घरची म्हातारी पळसाखाली गेली. तिने रीतीप्रमाणे सांगितलं, "टेकडीकडचं घर. आमच्या कुत्र्याच्या पायात काटा मोडलाय, पाय टेकवत नाही. काय बांधू?" साळुंकीने पाला सांगितला. पाला बरोबर होता. पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी लांडगे आले ते थेट टेकडीकडच्या घरी. लंगडा कुत्रा उठेपर्यंत पाच मेंढ्या गेल्या.

मग एकाने विचारलं, "ओढ्याकडचं घर. कुंपणाची मागची बाजू पडलीय. बोरीच्या काट्या कुठं मिळतील?" काट्या मिळाल्या. तो त्या तोडायला गेला आणि लांडगे मागच्या बाजूने आत शिरले.

आता माळावर भीती बसली. लांडगे पूर्वीही यायचे. पण पूर्वी ते चाचपडत यायचे, हुंगत यायचे. आता आपल्याच गोठ्यात परतल्यासारखे येत. बायका दारात उभ्या राहून एकमेकींकडे बघायच्या.

सुनेने मात्र डोळे उघडे ठेवले. एका सकाळी ती सरपणाला रानाच्या कडेला गेली, तेव्हा तिला लांडग्यांनी मारलेली मेंढी दिसली. लांडगे बाजूला बसले होते. साळुंकी एकटी मेंढीवर बसून मऊ मांस टिपत होती. तिचं पोट भरेपर्यंत एकही लांडगा जागचा हलला नाही.

सून धावत घरी आली. तिने चारचौघांत सांगितलं, "मामंजी, जो विचारतो त्याच्याच घरी लांडगा जातो. आपले प्रश्नच ती त्यांना देते."

"योगायोग आहे," म्होरक्या म्हणाला. "आणि दिले तर दिले. मी काय चोर आहे? माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवण्यासारखं नसेल. जपण्यासारखं आहे ना?"

"माझे केस पांढरे झालेत, पोरी. मला शिकवू नकोस."

पांढऱ्या केसांपुढे सगळे गप्प बसले. ज्यांच्या मेंढ्या गेल्या होत्या तेही.

म्होरक्याच्या घरात एक गोष्ट होती जी तिघांपलीकडे कोणाला माहीत नव्हती. त्याच्या एकुलत्या मुलाला दिवस मावळला की दिसत नसे. अगदी काही दिसत नसे. म्हणून तो उजेड असतानाच घरी यायचा आणि लोक त्याला बायकोवेडा म्हणून चिडवायचे. तो हसून सोडून द्यायचा. या हंगामात तो मेंढरं घेऊन लांबच्या कुरणात गेला होता.

मुलगा परतायच्या आदल्या दिवशी सकाळी म्होरक्या पळसाखाली गेला. सुनेला त्याने सांगितलं नाही.

"म्होरक्याचं घर," तो म्हणाला. "माझ्या मुलाला अंधार पडला की दिसत नाही. काय उपाय करू?"

"शेवग्याचा पाला खाऊ घाला," साळुंकी म्हणाली. "रोज. आता कुठं आहे तो?"

"उद्या येतोय."

"कुठल्या वाटेनं? वाटेत शेवगा असेल तर सांगते."

"खिंडीतून," म्होरक्या म्हणाला. "ऊन असेपर्यंत पार होईल तो."

"खिंडीत शेवगा नाही," साळुंकी म्हणाली. "तुमच्या झऱ्याशी एक झाड आहे." आणि ती उडून गेली.

झऱ्याशी खरंच झाड होतं. ती नेहमी खरंच सांगायची.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याने स्वतः पाला तोडून आणला. सुनेने तो चुलीवर टाकला. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, मुलगा आला नाही.

"मामंजी," सून म्हणाली, "शेवगाच का आणलात आज?"

म्होरक्याने चुलीत लाकूड सारलं.

"कोणाला विचारलंत?"

त्याने सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. सुनेने चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि ती खिंडीकडे पळाली. वस्ती तिच्या मागे पळाली.

ते पोचले तेव्हा सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. खिंडीत मेंढरं नव्हती. मुलाची काठी पडली होती आणि पागोटं काट्यात अडकलं होतं. सुनेने जळतं लाकूड खाली धरलं. वाटेच्या तोंडाशी सात जागी धूळ दबलेली होती, नीट, गोल. लांडगे तिथे दुपारपासून बसले होते. उजेडात ते त्याच्या अंगावर गेले नव्हते. त्यांनी फक्त वाट अडवली होती आणि दिवस मावळायची वाट पाहिली होती.

सून खाली बसली. तिने कोणाला शिवी दिली नाही. ती म्होरक्याकडे बघत राहिली, आणि ते शिवीहून वाईट होतं.

सकाळी म्होरक्या पळसाखाली गेला. "तू त्यांना सांगितलंस," तो म्हणाला.

"मी आपणहून कोणाला काही सांगत नाही," साळुंकी म्हणाली. "तुम्ही विचारलंत, तुम्हाला उत्तर दिलं. त्यांनी विचारलं, माळावर कोण कधी आंधळं असतं. त्यांना उत्तर दिलं. ते माझं पोट भरतात. तुम्ही कधी विचारलं होतं, मी काय खाते?"

एकीने विचारलं होतं. तिला चुलीकडे बघायला सांगितलं होतं.

त्या दिवसापासून वस्ती ओढा ओलांडते, कंद नेते, हळू मिळणाऱ्या उत्तरासाठी थांबते आणि आपलं घर सांगत नाही. साळुंकी अजून पळसावर असते. खाली कोणी उभं राहत नाही.

लहानांनो, आणि जास्त करून मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जो फुकट उत्तर देतो, त्याला प्रश्न विचारण्याआधी तो कोणाच्या हातचं खातो ते बघा.

म्होरक्याने ते बघितलं नाही, आणि त्याचा एकुलता एक मुलगा गेला.