खुरडणारी टिटवी

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या बाभळीवर एक साळुंकी राहायची. तिला आपल्या ठुमकत्या चालीचा भारी अभिमान.

एके सकाळी बाभळीखालून टिटवी चालली होती. एक पंख लोंबत होता, पाय मातीत घासत होते.

"अगबाई! काल ताठ चालणारी ही बया आज खुरडतेय की!" साळुंकी खिदळली. बाभळीवरचे सगळेच पक्षी हसले.

टिटवीनं मान वर केली नाही. तिच्यामागे मुंगूस लागलं होतं. खुरडत खुरडत तिनं त्याला पार ओढ्यापर्यंत नेलं आणि त्यानं झेप घेताच ती उडाली. लांबून वळसा घालून ती परत आली आणि खड्यांमध्ये बसली.

चकित झालेली साळुंकी तिच्याजवळ उतरली. "पाय बरा झाला का गं?"

"दुखलाच कुठं होता? इथं माझी अंडी आहेत. मुंगसाला दूर न्यायचं होतं."

साळुंकी ओशाळली. "आम्ही हसलो, तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण तुमच्या हसण्यानं अंडी फुटत नाहीत."

साळुंकीनं पंख उघडले, तशी टिटवी कुजबुजली, "उडू नकोस, मुंगूस ओढ्यावरून माघारी वळलं असेल, त्याला जागा कळेल. चालत जा, आणि जपून. माझ्या बहिणींची अंडीही इथंच आहेत."

अंडी अगदी खड्यांसारखी दिसत होती. साळुंकी अडखळत, तोल सावरत निघाली.

"बघा, आता हीपण खुरडायला लागली!" बाभळीवर हशा पिकला.

साळुंकीनं वर पाहिलं नाही. पुढचं पाऊल कुठं टाकायचं, एवढंच ती बघत होती.