कासाराची बैठक

एका बाजाराच्या गावात नागनाथ नावाचा एक कासार राहत होता. आजूबाजूच्या वाड्यांतल्या लेकीसुनांच्या हातांत बांगड्या भरता भरता त्याचे केस पिकले. मनगट कितीही जाड असो, त्याच्या हातून बांगडी अलगद सरके. पण जन्मभर मांडी घालून बसल्याने गुडघे कामातून गेले. शेवटी शहरात नेऊन दोन्ही गुडघे बदलावे लागले.

मग सुरू झाले व्यायाम. नागनाथने एकही दिवस चुकवला नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबताना तो दातओठ खाई आणि बायकोवर, अनसूयेवर, उगाचच डाफरे. ती बिचारी हसून ऐकून घेई. त्याला कसली घाई आहे, हे तिला ठाऊक होते. शेजारच्या रेणुकेचे लग्न ठरले होते. तिच्या बारशाच्या इवल्याशा बांगड्या नागनाथनेच भरल्या होत्या. लग्नाचा हिरवा चुडाही आपणच भरायचा, हा त्याचा हट्ट होता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, चौथ्या महिन्यापासून खुशाल कामाला लागा. पण खुर्चीवर बसून. जमिनीवर मांडी घालायची नाही."

नागनाथने मान डोलावली, पण मनातून त्याला ते पटले नाही. समोर नवरी चटईवर आणि कासार वर खुर्चीत? त्याच्या सात पिढ्यांत कोणी असे केले नव्हते.

चुड्याच्या दिवशी रेणुकेच्या घरी अनसूयेने खुर्ची मांडली. नागनाथने ती बाजूला सारली आणि भिंतीला धरून धरून खाली बसला. नवरीचा उजवा हात झकास भरला. डाव्या हाताच्या वेळी मात्र गुडघ्यातून अशी कळ निघाली, की त्याची बोटे आवळली गेली आणि बांगडी कट्दिशी तडकली.

साऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नवरीचा चुडा, आणि आपल्या हातून! नागनाथचे डोळे भरून आले. निघून जावे म्हटले, तर उठताही येईना.

रेणुकाच हसली. "काका, बांगडी वाढली ना? मग आता बैठकही वाढवा की! तुम्ही वर बसा, मीही वर बसते."

चौघींनी मिळून नागनाथला उचलले. "अगं हळू, नवे आहेत गुडघे!" अनसूया ओरडली आणि हशा पिकला. खुर्चीसमोर खुर्ची आली. नागनाथने डोळे पुसले, रेणुकेचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि उरलेला चुडा भरला. मग ओळीने साऱ्या बायकांनी त्याच्यापुढे हात केले.

संध्याकाळी नागनाथ आपल्या पायांनी घरी निघाला. गरज नव्हती, तरी अनसूयेचा हात त्याने धरला होता.

तात्पर्य: दुखण्यातून उठून कामावर जरूर परतावे, पण शरीर नवी बैठक मागेल तर ती आनंदाने द्यावी; कारण ज्यांना आपले काम हवे असते, त्यांना आपणही धडधाकट हवे असतो.